चाळीस टक्क्याला पास

आधी एक सांगतो, मी मुलगी आहे. कोल्हापूरची असल्यामुळं "मी गेलो, मी आलो" असंच बोलतो आणि तसंच लिहिणार. पुण्याच्या मावसबहिणी हसतात, हसू देत.

आमच्या आईचं शिवणकाम आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, सणाच्या दिवसात परकर पोलकी. तिला चाळिशी लागल्यापासून मशीनच्या सुईत दोरा ओवायचं काम माझं, अभ्यास करत बसलो असलो तरी आतून हाक यायची आणि मी उठून दोन सेकंदात ओवून परत. बारावीच्या दिवाळीआधी एका संध्याकाळी मी ओवायला बसलो आणि दोऱ्याचं टोक सुईजवळ नेलं की टोकच गायब व्हायचं. बाजूला बघितलं की दिसायचं, नीट बघितलं की नाही. पाच-सहा वेळा झालं. आई म्हणाली, "जाऊ दे, दमलीयास, जेवून झोप." मलाही तेच वाटलं, क्लास, कॉलेज, मोबाईल, दमणारच की.

त्यानंतर वर्षभरात तीन वेळा चष्म्याचा नंबर बदलला. दर वेळी दुकानात बरं वाटायचं आणि घरी आलं की पहिल्यासारखं. केएमटीच्या, म्हणजे शहरातल्या बसच्या, बोर्डावरचं वाचता येईना, मग मी गर्दी कुठल्या बसकडं पळतीय ते बघून पळायला लागलो आणि दोनदा भलतीकडंच पोचलो. पण खरा घोळ चेहऱ्यांचा झाला. समोरून येणारं माणूस दिसायचं, साडी दिसायची, चाल दिसायची, फक्त तोंडाच्या जागी धुरकट. वर्गातल्या पोरी हात करायच्या आणि मी सरळ पुढं. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला दिवाळीपर्यंत माझं नाव "शिष्ट" पडलेलं, आणि ते मला मार्चमध्ये कळलं.

शेवटी पप्पांच्या फाउंड्रीतल्या एकानं सांगितलं मिरजेला दाखवा, म्हणून मिरजेला गेलो. पप्पा शिरोली एमआयडीसीत आहेत, सुट्टी मिळत नाही, त्यादिवशी खाडा केला. डोळ्यात थेंब टाकून दीड तास बसवलं, मग ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन, मग पडद्याचे दोन-तीन प्रकारचे फोटो. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडं वळवली (मला काय दिसणार, पण वळवली) आणि पहिला प्रश्न आईला विचारला, "तुम्ही दोघं नात्यातले का?" आई गप्प. पप्पांनी सांगितलं, "माझ्या सख्ख्या मामाची मुलगी."

स्टारगार्ट. नाव मी त्यादिवशी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला म्हणून जो भाग असतो, ज्यानं आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो, तेवढाच भाग हळूहळू मरतो. कडेचं बऱ्यापैकी शाबूत राहतं. म्हणून मी जिन्यावरून धडपडत नाही, गर्दीतून नीट चालतो, आणि म्हणूनच कुणाला खरं वाटत नाही. बहुतेक वेळा एबीसीए४ नावाच्या जीनमधला दोष असतो, आई आणि बाप दोघांकडनं एकेक बिघडलेली प्रत आली की होतो, नात्यात लग्न असलं की तशी शक्यता वाढते. चष्म्यानं सुधारत नाही कारण भिंगाचा दोष नाही, पडदाच खराब. औषध नाही. गॉगल लावा, उन्हात टोपी घाला आणि व्हिटॅमिन एच्या गोळ्या घेऊ नका, हे तिसरं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. सगळं जग डोळ्यासाठी गाजर खा म्हणतं आणि आम्हाला ए व्हिटॅमिनच्या गोळ्या चालत नाहीत, कारण याच्यात त्याच व्हिटॅमिनपासनं तयार होणारा कचरा पडद्यात साठत जातो.

घरी आल्यावर आजीला सांगितलं नात्यातल्या लग्नामुळं असं होऊ शकतं. आजी म्हणाली, "आमच्यात सगळ्यांचंच असंय की. मग सगळ्यांचं डोळं का गेलं न्हाईत?" याला उत्तर आहे, पण आजीला जीन समजावून सांगायला डॉक्टरच पाहिजेत.

मग मी काय केलं? काही नाही. कुणाला सांगितलंच नाही. आईचं म्हणणं होतं, "गावभर सांगत बसू नको, उद्या स्थळं बघायचीत," आणि मला राग यायचा पण मीही तेच करत होतो की. पहिल्या बेंचवर बसायचं, फळ्याचा फोटो काढून बेंचखाली मोठा करून बघायचा, मैत्रिणीच्या वहीचे फोटो घ्यायचे. वाचन करून दाखव म्हटलं की घसा बसलाय. एवढी डोकॅलिटी अभ्यासात लावली असती तर! आणि हे सगळं करून अकाउंटच्या पेपरला ३ चा ८ वाचला. पहिल्याच आकड्यात. ३८,००० च्या जागी ८८,००० धरून अख्खा प्रॉब्लेम सोडवला, एकही स्टेप चुकली नाही, फक्त सगळं चुकलं. सरांनी पेपर देताना सगळ्यांसमोर म्हटलं, "निष्काळजीपणाचा नमुना बघायचा असेल तर हा बघा." मी हसलो. काय करणार.

त्या रात्री मैत्रिणीला सांगितलं. तिची एक लांबची ताई बँकेत नोकरीला आहे, त्यांना अजिबात दिसत नाही. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं, पहिलाच फोन सव्वा तासाचा. मी रडायच्या तयारीत होतो आणि त्यांनी विचारलं, "यूडीआयडी काढलंस का? टॉकबॅक, मोबाईलवरचं वाचून दाखवतं ते, चालू करता येतं का? पीडीएफ वाचता येतात का?" तिन्हीला नाही. "मग आधी हे करू, रडणं नंतर."

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आजाराचे रिपोर्ट, आणि तपासणीसाठी दवाखाना निवडायचा. फॉर्म भावानं भरला, तो नववीत, त्याला त्या पानावरचा कॅप्चा दिसत होता. (दिव्यांगांच्या पोर्टलवर वेडीवाकडी अक्षरं वाचून टाइप करायला लावणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला.) मग मेसेज आला, अमुक तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डापुढं या.

पहाटे उठून गेलो तरी पुढं साठ-सत्तर जण. कुणी काठीवाले, कुणी आईच्या कडेवर, एक आजोबा ऐकू येत नसल्यामुळं स्वतःचा पुकारा ऐकूच न येऊन दोनदा मागं राहिलेले. माझ्याकडं सगळे असं बघत होते की ही नेमकी कुणाबरोबर आलीय. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "पेशंट कुठाय?"

दीडला नंबर लागला. अक्षरांचा तक्ता. इथं मी जे केलं त्याचं अजून हसू येतं. आयुष्यभर परीक्षा म्हटली की जास्तीत जास्त मार्क काढायचे एवढंच माहीत, त्यामुळं मी मान तिरकी करून, डोळा कोपऱ्यात नेऊन, कडेच्या शाबूत भागानं एकेक अक्षर शोधून शोधून वाचलं, डॉक्टर म्हणत होत्या "वेळ घे, घाई नाही" आणि मी वेळ घेऊन आणखी एक ओळ खाली गेलो. उजवा ६/१८, डावा ६/३६. म्हणजे चांगल्या डोळ्याच्या माणसाला जे १८ मीटरवरनं दिसतं ते मला उजव्यानं ६ मीटरवरनं. बाहेर आल्यावर मला वाटत होतं लई भारी केलं. पुढं निकाल आला, १० टक्के.

तक्ता ठरलेला असतो. चांगला डोळा ६/१८ पर्यंत असेल आणि दुसरा ६/२४ ते ६/६० मध्ये, तर १० टक्के. दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये गेले की ४०. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षण वगैरे बऱ्याचशा गोष्टी ४० पासनं सुरू होतात. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० पासनं पिवळं, ८० पासनं निळं. दहावीला ३५ ला पास करतात, इथं ४० लागतात. भाऊ म्हणाला, "तू पहिल्यांदाच कशाततरी नापास झालीस." घरात तेवढा एकच दिवस सगळे मोकळं हसलो.

ते कार्ड काय करू म्हणून बँकेतल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, कार्ड कुठलंही असू दे, कॉलेजला अर्ज दे. मी अर्ज लिहिला. "मला डोळ्यांचा आजार असून नीट दिसत नाही, तरी कृपया सहकार्य करावे ही नम्र विनंती." प्राचार्यांनी वाचला, चांगला माणूस, म्हणाले, "अरेरे. हो हो, करू की सहकार्य. काही लागलं तर सांग." संपलं. मी थँक यू सर म्हणून बाहेर. पंधरा दिवसांत काहीही बदललं नाही कारण बदलायचं काय हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

ताईंनी झापलं. म्हणाल्या, "नीट दिसत नाही म्हणजे काय? कुणाला काय कळणार? तुला काय करून पाहिजे ते लिही. शिपायानं वाचलं तरी त्याला कळलं पाहिजे की उद्या सकाळी काय करायचं." मग एक अख्खा रविवार मी स्वतःवर प्रयोग करत बसलो. मोबाईल किती लांब धरल्यावर वाचता येतो, टेप लावून मोजलं, ११ सेंटीमीटर. अक्षर किती मोठं पाहिजे, भावानं एकच परिच्छेद वेगवेगळ्या साइजमध्ये छापून आणला, १८ पॉइंटला वाचता येतंय पण दमायला होतं, २२ ला बरं, आणि बारीक रेघेच्या फॉन्टपेक्षा ठळक बरा. पिवळसर कागदावर चांगलं, चकचकीत पांढऱ्यावर डोळ्यात पाणी. खिडकीकडं तोंड करून बसलो तर काहीच दिसत नाही, पाठ करून बसलो तर ठीक. एक पान वाचायला पूर्वी दोन मिनिटं, आता नऊ. हा शेवटचा आकडा काढल्यावर मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो थोडा वेळ. इतके दिवस मला वाटत होतं मी आळशी झालोय.

दुसऱ्या अर्जात हे सगळं लिहिलं. फळ्यावर लिहिताना सरांनी तोंडानं बोलावं. पीपीटी आदल्या दिवशी मेल करावी. प्रश्नपत्रिका २२ पॉइंटमध्ये ठळक छापून मिळावी. वेळ तासाला २० मिनिटं जादा. बसायची जागा खिडकीकडं पाठ करून. आणि रायटर, म्हणजे कागदोपत्री लेखनिक. खाली मिरजेचे रिपोर्ट जोडले.

वर्गातलं जे होतं ते आठवड्यात झालं. निष्काळजीपणावाले सर तर फळ्यावर लिहिताना इतकं बोलायला लागले की बाकीची पोरंच म्हणाली आता कळायलंय. ते मला स्टाफरूममध्ये बोलावून काहीतरी म्हणायला गेले आणि मग "पाणी पिणार का" असं विचारलं. तेवढं पुरे होतं.

लायब्ररीतल्या मॅडमनी पुस्तकं स्कॅन करून द्यायचं कबूल केलं, मला वाटलं कॉपीराइटची अडचण येईल तर ताईंनी सांगितलं की २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झालीय, दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत करायला परवानगी आहे. सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररीपण आहे, तिथं नाव नोंदवलं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकलं, ते फुकट आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. मराठीपण वाचतं, आवाज यंत्राचा, पहिले चार दिवस वाटतं रोबोटला सर्दी झालीय, नंतर सवय होते आणि मग आपण त्याचा वेग वाढवत जातो. आता मी ज्या वेगानं ऐकतो ते आईला भांडण वाटतं.

पण मराठी नोट्सचं एक दुखणं आहे ते सांगायलाच पाहिजे, कारण हे डोळस लोकांना माहीतच नसतं. सर नोट्स पाठवतात, स्क्रीनवर सुंदर मराठी दिसतं, एनव्हीडीए लावलं की "एफ डॉट सेमीकोलन के स्लॅश". का? तर ते टाइप केलेलं असतं जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त वर मराठी आकाराचा मुखवटा. युनिकोड असेल तरच मशीनला कळतं की हा क आहे. मी सगळ्या सरांना एक ओळीचा मेसेज केला, "कृपया युनिकोडमध्ये टाइप करा." तिघांनी अंगठा पाठवला आणि एकानंच टाइप केलं. बाकीच्यांच्या फायली भाऊ कन्व्हर्टरमध्ये टाकून देतो, रफार आणि जोडाक्षरं बोंबलतात पण अंदाजानं कळतं. "वर्ष" चं "वषर्" होतं. आता मला "वषर्" ऐकलं की "वर्ष" ऐकू येतं.

अडकलं कुठं तर परीक्षा विभागात. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "कार्ड बघू. १० टक्के? ४० च्या खाली काही नाही." मी म्हटलं, सर, सुप्रीम कोर्टाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल आहे, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, त्याला लिहिताना हाताला पेटके यायचे, ४० टक्के नव्हतेच, तरी कोर्टानं रायटर द्या म्हणून सांगितलं. आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्रानं ४० च्या खालच्यांसाठी वेगळी नियमावली काढली, ही घ्या प्रिंट. साहेबांनी प्रिंट घेतली, उलटसुलट केली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरोबर असंल, पण आम्हाला वरनं आलं पाहिजे." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघून, "आणि मोबाईल तर बघायलीस की." आता यांना कुठं ११ सेंटीमीटर सांगत बसू. तरी सांगितलं. मान हलवली त्यांनी.

त्या सेमिस्टरला मला मोठी प्रश्नपत्रिका मिळाली. म्हणजे काय केलं, ए-फोरची झेरॉक्स ए-थ्रीवर काढली. त्यानं अक्षर ४१ टक्के वाढतं, १२ चं १७ होतं, ठळक काही होत नाही, उलट झेरॉक्स मशीनचे ठिपकेपण ४१ टक्के मोठे. आणि तो ए-थ्री कागद बेंचवर मावतच नाही. एका बाजूला उत्तरपत्रिका, दुसऱ्या बाजूला प्रश्नपत्रिका लोंबतीय, पंख्याच्या वाऱ्यानं फडफडायलीय, आणि मी नाक लावून वाचतोय. सुपरव्हायझर मॅडमनी स्वतःची पर्स ठेवली त्याच्यावर वजन म्हणून. वेळ जादा मिळाला नाही. शेवटचे दोन प्रश्न राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात उजवा डोळापण घसरला. हे असं एकदम कळत नाही, एक दिवस उठून बघितलं तर ११ सेंटीमीटरचं ७ झालेलं. परत पोर्टल, परत अर्ज, परत तीच रांग, या वेळी पाण्याची बाटली आणि भडंग घेऊन गेलो. मनात एक घाणेरडा विचार होता तो लिहूनच टाकतो. मला ४० पाहिजे होते. मी देवाकडं वाईट डोळे मागत होतो, आणि मग लगेच जीभ चावत होतो. डॉक्टर त्याच. मी मान तिरकी करून शोधत बसलो नाही, सरळ जसं दिसलं तसं सांगितलं, त्यांनी स्वतःच नंतर वेळ देऊन परत वाचायला लावलं आणि तरीही ६/३६ आणि ६/६०. चाळीस. बाहेर पप्पांना सांगितलं, पप्पा म्हणाले "झालीस की पास" आणि मग दोघंही गप्प चहा पीत बसलो. पप्पांनी माझ्या कपात बिस्कीट बुडवून दिलं, लहानपणी द्यायचे तसं.

प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, आजार वाढणारा म्हणून. मुदत संपली की परत रांग.

कार्ड पोस्टानं आलं. आईनं दोन वर्षं गल्लीत कुणाला कळू दिलं नव्हतं, डोळ्याचं विचारलं की "नंबर वाढलाय" एवढंच. फुलेवाडीत आमची घरं एकमेकाला चिकटून, दुपारी सगळ्या बायका दारात. पोस्टमन काका आले आणि लांबनंच खणखणीत आवाजात, "वहिनी, पोरीचं अपंगाचं कार्ड आलंय, सही करा!" आई हातातलं ब्लाऊज घेऊन तशीच उभी. मी आतून ऐकतोय, आता काय. तर समोरच्या काकू म्हणाल्या, "कुणाचं, हिचं? अगं मग एसटीला पाऊण तिकीट माफ असतंय की, आमच्या दिराच्या पोराला आहे." झालं. गल्लीत चर्चा तिकिटाची. आजीनं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं, म्हणाली फोटो बरा आलाय, बायोडाट्याला चालंल.

आता रायटर. परीक्षा विभागातल्या साहेबांनी पिवळं कार्ड बघितल्यावर एकदम प्रेमानं, "हां, आता कसं." तरी सिव्हिल सर्जनच्या सहीचा आणखी एक दाखला लागला, हिला लिहायला मदतनीस आवश्यक आहे म्हणून, आणि रायटर आपला आपण आणायचा असेल तर तो आपल्यापेक्षा एक इयत्ता तरी खाली शिकणारा पाहिजे होता. मागच्या गल्लीतली अकरावीची मुलगी तयार झाली. कॉमर्सचीच, अक्षर मोत्यासारखं, बडबडी. तिचं बोनाफाईड, आधार, फोटो, सगळं जमा केलं.

आणि मग आम्ही सरावाला बसलो तेव्हा कळलं की मला सांगताच येत नाही.

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं रायटर म्हणजे मी बोलायचं, तिनं लिहायचं, सुटलो. पण मी आयुष्यभर हातानं विचार करत आलो होतो. पेन चालू झालं की पुढचं सुचायचं. आता तोंड उघडलं की "घसारा म्हणजे... म्हणजे..." आणि ती लेखणी टेकवून वाट बघतीय, आणि तिनं वाट बघितली की मला आणखी सुचंना. ती भली, तिनं एकदा "म्हणजे म्हणजे" तसंच लिहून ठेवलं. थिअरीला मग युक्ती काढली, आधी मी फक्त मुद्द्यांचे शब्द सांगायचे, ते तिनं शेवटच्या पानावर लिहायचे आणि एकेक वाचून दाखवायचा, मग मी त्यावर बोलायचं.

अकाउंट त्याहून अवघड. फायनल अकाउंट म्हणजे दोन बाजू, चार रकाने, अॅडजस्टमेंट दोन ठिकाणी जाणार. मला पान दिसत नाही त्यामुळं कुठं काय लिहिलंय ते सगळं डोक्यात धरायचं. आकडे बोलण्यातपण घोळ, मी म्हटलं "अठरा हजार पन्नास" आणि तिनं लिहिलं १८,५००. मग ठरवलं, सुटे आकडे बोलायचे, एक आठ शून्य पाच शून्य, आणि तिनं लिहून झाल्यावर परत म्हणायचं. स्वयंपाकघरात फरशीवर बसून आम्ही दीड महिना हे केलं, आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची, शेवटी शेवटी आईच म्हणायला लागली, "अगं ते क्लोजिंग स्टॉक दोनीकडं घेतलंस का?"

परीक्षेला वेगळी खोली मिळाली, जिमखान्याला लागून. पलीकडं कॅरम. मी सांगतोय "टू ओपनिंग स्टॉक" आणि पलीकडनं ठक्क, "क्वीन गेली!" सुपरव्हायझर सर उठून गेले आणि काय बोलले माहीत नाही, पुन्हा आवाज आला नाही. सर परत येऊन आमच्याच शेजारी बसले, कान देऊन, उत्तर लिहिणारी पोरगी सांगायली की मी सांगायलोय ते बघायला. त्यांचंही बरोबर आहे. पण तिसरा माणूस ऐकत असताना आपली उत्तरं मोठ्यानं बोलायची म्हणजे अंघोळीला बसल्यावर दार उघडं राहिल्यासारखं वाटतं. पहिली वीस मिनिटं आवाजच फुटंना.

प्रश्नपत्रिका या वेळी खरंच २२ पॉइंटमध्ये होती, पण मी वाचलीच नाही, तिच्याकडनं वाचून घेतली. ट्रेडिंग झालं, प्रॉफिट अँड लॉस झालं, ताळेबंदाची बेरीज तिनं केली आणि एकदम गप्प. "ताई, टॅली होत नाही." किती फरक? "तीन हजार दोनशे. लायबिलिटीकडं जास्त."

तीन तास संपलेले. बाहेरची पोरं निघाली, बाकड्यांचे आवाज, जिन्यात हसणं. आमच्याकडं जादा तासातला सगळा वेळ शिल्लक. मागच्या वर्षी असतो तर पेपर हिसकावून नेला असता. मी डोळे मिटले, तसंही उघडे ठेवून उपयोग नव्हता. ३,२०० ला नऊनं भाग जात नाही, म्हणजे आकड्यांची अदलाबदल नसावी. दोननं जातो, निम्मे १,६००. कुठलीतरी १,६०० ची रक्कम चुकीच्या बाजूला गेली असली तरी फरक बरोबर दुप्पट पडतो. तिला म्हटलं, "प्रॉफिट अँड लॉसची क्रेडिट बाजू वाच. फक्त आकडे वाचू नको, नावं पण." ती वाचत गेली. कमिशन मिळालं, व्याज मिळालं, डिस्काउंट एक सहा शून्य शून्य...

"थांब. प्रश्नात बघ, डिस्काउंट अलाउड आहे की रिसीव्ह्ड?"

कागद उलटल्याचा आवाज. "अलाउड."

"मग ते आपण दिलेलं, डेबिटला."

खोडलं, नफा बदलला, बेरीज बदलली, परत ताळेबंद. ती पुटपुटत बेरीज करत होती आणि सरपण तोंडातल्या तोंडात तिच्याबरोबर करत होते, मला ऐकू येत होतं. टॅली झालं. सर म्हणाले "वा", आणि मग आपण असं म्हणायचं नसतं हे आठवल्यासारखं खाकरले.

चूक माझी की तिची ते अजून ठरलेलं नाही. ती म्हणते मीच क्रेडिट म्हटलं होतं.

बाहेर आलो तर ऊन रणरणत होतं, मी टोपी, गॉगल चढवला आणि स्टॉपवर येऊन उभे राहिलो. तिच्या डोक्यातनं ते १,६०० जाईना. "ताई, पण निम्मे का करायचे?" मी सांगितलं, एका बाजूला पाहिजे होते ते तिथं नाहीत, एवढे कमी पडले, आणि दुसऱ्या बाजूला नको होते ते तिथं आहेत, एवढे वाढले, म्हणजे दोनदा झालं की नाही. तिनं तिथंच बॅगेतनं कच्चा कागद काढला आणि माझ्या पाठीवर ठेवून उदाहरण करायला लागली, मग नऊचं काय ते विचारलं, मी तेपण सांगितलं, ३८ चे ८३ कर, ५२ चे २५ कर, वजा करून बघ, आणि या नादात फुलेवाडीची बस आमच्या समोरनं भरून निघून गेली. बोर्ड वाचायचं काम तिचं होतं.